गाळलेला रकाना

पनवेलला राहणाऱ्या बाईला धुळीचं कौतुक कोणी सांगू नये. सकाळी खिडकीची कड पुसावी आणि दुपारी कॉलेजातून येऊन बोट फिरवावं, तर बोट पुन्हा करडं. कधी खडीच्या ट्रकांची, कधी विमानतळाच्या कामाची, कधी नुसती रस्त्याची. माझा नवरा सत्यजीत म्हणतो, ‘घरातली पुसायची आणि आभाळातली मोजायची, तुझं बरं चाललंय.’ पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी खूप हसले होते. त्याला आता नऊ वर्षं झाली. विनोदही झिजतो.

मी आभा टिपणीस. वय अठ्ठेचाळीस. इथल्या एका कॉलेजात बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं पीएच.डी. करते आहे. ‘करते आहे’ हे क्रियापद माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की ‘केली’ म्हणायची वेळ आली असती तर जीभ अडखळली असती. दोनदा मुदत वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मिळणार नाही असं विद्यापीठाने पत्रातच लिहिलं होतं. प्रबंध द्यायची शेवटची तारीख एकतीस जानेवारी, शुक्रवार. नाही दिला तर नोंदणी रद्द आणि नऊ वर्षं पाण्यात.

विषय सांगते, घाबरू नका. ताऱ्यांच्या ज्या अफाट वस्त्या असतात, आपली आकाशगंगा ही त्यातलीच एक, त्यांना आम्ही दीर्घिका म्हणतो. तिथे ताऱ्यांच्या अधेमधे धूळ असते, काजळीसारखी बारीक. ती ताऱ्यांचा उजेड पिते, किंचित ऊबदार होते आणि ती ऊब अवरक्त किरणांच्या रूपाने परत सोडते. उन्हात तापलेल्या पत्र्याजवळून संध्याकाळी जाताना गालाला जे लागतं, तेच. फक्त इथे ऊबदार म्हणजे शून्याच्या खाली अडीचशे अंश.

एका अवकाश दुर्बिणीने अशा दीर्घिकांकडे सहा वेगवेगळ्या तरंगलांबींमध्ये बघून ठेवलंय. म्हणजे एका दीर्घिकेचे सहा आकडे, आलेखावर सहा ठिपके. त्या ठिपक्यांमधून जाईल अशी वक्ररेषा गणिताने काढायची आणि तिच्या आकारावरून धूळ किती थंड आहे आणि एकूण किती आहे ते सांगायचं. याला मॉडेल बसवणं म्हणतात. ब्लाउज बसवण्यापेक्षा ते फार वेगळं नाही. माप चुकलं तर शिलाई कितीही सुरेख असो, बाई दुकानात येऊन बोलतेच. ती दुर्बीण जेमतेम चार वर्षं चालली. मग तिला थंड ठेवणारं हेलियम संपलं आणि ती सुटली. मी तिच्या आकड्यांवर नऊ वर्षं बसले होते.

माझ्याकडे एकसष्ट लहान दीर्घिका होत्या. त्यातल्या एकेचाळीस दीर्घिकांचा शेवटचा, सहावा ठिपका अपेक्षेपेक्षा वर येत होता. याचा अर्थ तिथे आणखी एक फार थंड धूळ आहे, जी आजवर कोणी धरलीच नव्हती. ती धरली की एकूण धूळ तिप्पट होते. हा माझा शोध. प्रबंधाचं नावच ‘लहान दीर्घिकांमधील अतिथंड धूळ’. पुण्यातले माझे मार्गदर्शक अविनाश सर कधी कोणाचं कौतुक करत नाहीत, पण हा आलेख बघून तेही म्हणाले होते, ‘हं. हे बरं दिसतंय.’ त्या एका ‘हं’वर मी दोन वर्षं काढली.

पेपर तपासणं, कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाच्या फायली, निवडणुकीची ड्यूटी, मुलाची, राजसची बारावी. या सगळ्यातून पहाटेचे दोन तास काढून मी त्या आलेखांशी बसत होते. जानेवारी उजाडला तेव्हा प्रबंध छापायला द्यायचा तेवढा उरला होता. माझ्यात काही उरलं होतं असं मात्र म्हणता येणार नाही.

आता समृद्धी.

समृद्धी आमच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. उरणजवळच्या करंजाची, कोळ्यांची मुलगी. रोज उरणहून एस.टी.ने येते आणि पहिल्या तासाला हटकून दहा मिनिटं उशिरा. जर्नल कधी वेळेवर देत नाही. पण प्रश्न विचारते, आणि बावीस वर्षांच्या नोकरीनंतर मला प्रश्न विचारणाऱ्या मुलांचा कंटाळा येऊ लागला होता. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. प्रोजेक्ट म्हणून मी तिला माझ्या यादीतली एकच दीर्घिका दिली होती. सहा ठिपके काढ, रेषा बसव, उत्तर माझ्या उत्तराशी ताडून बघ. पंधरा दिवसांत हातावेगळं होण्यासारखं काम.

सतरा जानेवारीला, शुक्रवारी दुपारी, प्रयोगशाळेत चौदा मुलं होती. गोंगाट चालला होता. माझ्यापुढे छपाईवाल्याने पाठवलेली पानं होती आणि त्याने सगळे आलेख आडवे छापले होते. तेवढ्यात समृद्धी लॅपटॉप घेऊन टेबलापाशी आली.

‘मॅडम, माझं उत्तर तुमच्याशी जुळत नाहीये.’

‘परत कर.’

‘तीनदा केलं मॅडम. मी तुमचा तक्ता न घेता ओरिजिनल टेबल डाउनलोड केलं. त्यात सहाव्या आकड्याच्या आधी एक वेगळा रकाना आहे. त्यात ‘पेक्षा कमी’ची खूण आहे. तुमच्या तक्त्यात तो रकानाच नाहीये.’

मला काय झालं ते आज नीट सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. पोटात खोल कुठेतरी मला कळलं होतं की ही खरं बोलते आहे. आणि कळलं होतं म्हणूनच मी भडकले.

‘जर्नल वेळेवर द्यायला जमत नाही तुला,’ मी म्हटलं, ‘आणि माझ्या नऊ वर्षांच्या कामात खोट काढायला निघालीस?’

‘खोट नाही मॅडम, मी फक्त...’

‘पुरे. घासाघीस नको. हा वर्ग आहे, मासळीबाजार नाही.’

‘हा वर्ग आहे, मासळीबाजार नाही’ हे वाक्य मी बावीस वर्षं म्हणते आहे. प्रत्येक मास्तर म्हणतो. वर्गात गलका झाला की तोंडातून आपोआप निघतं, त्यात मासळी नसते आणि बाजारही नसतो. पण त्या दिवशी गोंगाट एकदम थांबला, चौदा माना समृद्धीकडे वळल्या आणि मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं. समृद्धीने लॅपटॉप मिटला. ‘सॉरी मॅडम’ म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. तास संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मूळ तक्ता उघडला. उघडण्याआधीच माहीत होतं.

त्यात तो रकाना होता. एका अक्षराचा. एकसष्ट ओळींपैकी एकेचाळीस ओळींत सहाव्या आकड्याच्या आधी ती बारीकशी खूण होती. तिचा अर्थ असा, की दुर्बिणीने या तरंगलांबीत बघितलं आणि तिला काही दिसलं नाही. काही असलंच, तर ते या आकड्यापेक्षा कमी आहे. ज्यांनी बघितलं त्यांनी प्रामाणिकपणे ‘तीसपेक्षा कमी’ लिहिलं होतं आणि मी ते ‘तीस’ म्हणून वाचलं होतं. दिसलं नाही त्या जागी मी ठिपका ठेवला. एकेचाळीस वेळा. मग तो ठिपका वर येणारच, आणि मग त्याच्यासाठी थंड धूळ शोधून काढावी लागणारच. माझा शोध म्हणजे मीच ठेवलेले ठिपके होते.

हे कसं झालं तेही आठवलं. दोन हजार सोळा. माझा जुना लॅपटॉप, नवा नवा शिकलेला प्रोग्रॅम. त्याला फक्त आकडे चालायचे, मध्ये अक्षर आलं की बंद पडायचा. तीन दिवस मी त्याच्याशी भांडत होते. चौथ्या दिवशी वैतागून तो अक्षराचा रकाना उडवून टाकला, नंतर बघू म्हणून. प्रोग्रॅम पहिल्यांदा शेवटपर्यंत चालला. मला इतका आनंद झाला की मी शेजारी पेढे वाटले. ‘नंतर बघू’ हे मात्र राहून गेलं, आणि त्या तक्त्यावरून पुढचा तक्ता, त्यावरून आलेख, त्यावरून प्रकरणं होत गेली.

सत्यजीत उठून चहा ठेवायला आला तेव्हा मी तशीच बसले होते.

‘होतंय का?’ त्याने विचारलं. रोज विचारतो तसंच.

‘होतंय,’ मी म्हटलं. मीही रोज म्हणते तसंच.

पाच दिवस मी यातलं कोणाला काही सांगितलं नाही. मग अविनाश सरांना फोन केला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी मोठा श्वास घेतला. सरही दमलेले आहेत. जूनमध्ये रिटायर होतायत आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

‘टिपणीस,’ ते म्हणाले, ‘आत्ता आहे तसं सबमिट करा. परीक्षक आलेख बघतात, तक्ते कोण उघडतं? पदवी हातात आली की दुरुस्तीचा एक छोटा पेपर लिहून टाकू. तेही प्रामाणिकच झालं की.’

‘हो सर.’

‘आणखी कोणाला माहितीये?’

‘एका विद्यार्थिनीला. तिनेच काढलं.’

‘मग तिच्याशी नीट बोलून घ्या,’ ते म्हणाले.

बोलून घ्यायला ती होती कुठे? सतरा तारखेनंतर ती कॉलेजला आलीच नव्हती. मी चार वेळा फोन केला, उचलला नाही. ऑफिसातल्या क्लार्कने सांगितलं की तिने प्रवेश रद्द करायला काय कागद लागतात, ते फोनवरून विचारलंय. मला धस्स झालं. पण खरं सांगायचं तर त्या धस्स होण्याच्या मागोमाग एक दुसरा विचारही आला, की ती सोडूनच गेली तर प्रश्नच मिटला. तो विचार मी केला. दोन सेकंद केला, पण केला.

सव्वीस तारखेला रविवार होता. सकाळी कॉलेजात झेंडावंदन झालं. भाषणं संपल्यावर मी स्टाफरूममध्ये चहा न घेता सरळ स्टँडवर गेले आणि उरणची एस.टी. पकडली. पांढरी साडी, खांद्याला कागदी झेंड्याची टाचणी. गव्हाण फाट्यापुढे कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली होती, बस पाऊण तास जागची हलली नाही. मी मनात वाक्यं जुळवत होते. आधी माफी मागायची. मग सांगायचं की तू हुशार आहेस, प्रवेश रद्द करू नकोस. आणि मग, अगदी सहज बोलल्यासारखं, की एकतीस तारखेपर्यंत हे आपल्या दोघींतच राहू दे. तीन वाक्यं होती आणि पहिली दोन तिसऱ्यासाठी होती.

उरणहून रिक्षाने करंजाला पोचले. समृद्धीचं घर विचारल्यावर एका बाईने अंगणाकडे बोट दाखवलं. तिथे एक बाई उकिडवी बसून जमिनीवर जवळा, ती बारीक कोलंबी, सुकायला पसरत होती. मला बघून ती उठली, हात पदराला पुसले.

‘समृद्धीच्या आई ना? मी पनवेलच्या कॉलेजातली.’

‘मॅडम? या, या. मी गुणाबाई.’ मग तिचा चेहरा बदलला. ‘पोरीनं काय केलं?’

‘तिने काही नाही केलं.’

‘मंग तुमी आल्या कशाला एवढ्या लांब?’ तिने प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढली. ‘बसा. आठ-दहा दिस झालं, डोकं दुखतं म्हनते. कालिजाचं नाव काढलं की उठून जाते. तिचा बाप दयाराम बोटीवर हाय, तो आल्यावर बोलंल म्हनून मी पन गप बसले. समृद्धी! तुजी मॅडम आली बघ.’

समृद्धी बाहेर आली आणि दारातच थांबली. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

‘आई, चहा टाक ना,’ ती म्हणाली. गुणाबाई आत गेली.

आम्ही दोघी उरलो. मी पाठ केलेलं सगळं विसरले.

‘तुझं बरोबर होतं,’ मी म्हटलं.

‘माहितीये मॅडम.’

असं उत्तर मी धरलं नव्हतं. ‘मग कॉलेजला का येत नाहीस?’

ती जमिनीवरच्या जवळ्याकडे बघत राहिली. ‘ते वाक्य तुम्ही सगळ्यांनाच म्हणता, मला माहितीये. तुमच्या मनात नसणार काही. पण त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघून हसले. हृतिक हसला, जो रोज माझ्याकडे नोट्स मागतो. मला त्या वर्गात परत जायचंच नाहीये.’

‘मी माफी मागायला आले आहे.’

‘ओके मॅडम.’ तिने मान वर केली. ‘मग प्रबंधात बदलणार ना?’

आता माझं तिसरं वाक्य यायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांना ते फार घाण वाटलं. मी गप्प बसले. ती हुशार आहेच. गप्प बसणं तिला ऐकू आलं.

‘म्हणजे तुम्ही मला सांगायला आलात की बोलू नकोस,’ ती म्हणाली.

‘शुक्रवारी शेवटची तारीख आहे, समृद्धी. नऊ वर्षं आहेत माझी.’

‘हो.’ तिच्या आवाजात राग नव्हता, तेच सोसवेना. ‘मॅडम, माझी आई आठ वर्षं पनवेलला मार्केटात बसायची. मी शाळेतून जायचे तिच्याकडे. वाट्यात एक मासा कमी निघाला ना, तर गिऱ्हाईक सगळ्यांसमोर बोलतं. आणि आई सगळ्यांसमोर परत मोजते. घरी जाऊन हळूच सॉरी नाही म्हणत. तुम्ही वर्गात बोललात. वर्गात सांगाल का?’

तेवढ्यात गुणाबाई चहा घेऊन आली. ‘झालं का बोलून? काय चुकलं पोरीचं?’

‘तिचं नाही चुकलं,’ मी म्हटलं. ‘माझं चुकलं. माझ्या कामात मोठी चूक होती. तिने ती दाखवली आणि मी तिलाच सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले.’

सरांना फोनवर सांगितलं होतं, पण तिऱ्हाईत माणसासमोर बसून हे मी पहिल्यांदाच म्हटलं होतं. सत्यजीतसमोरही नाही. 

गुणाबाईने माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. ‘आनि हे सांगाया तुमी पनवेलवरना आल्या? फोन नाय केला?’

‘केला होता. उचलला नाही.’

‘मॅडमचा फोन उचलाचा नाय?’ ती समृद्धीवर कडाडली. बिचारीला माझ्यामुळे पुन्हा बोलणी बसली. मी मध्ये पडेपर्यंत गुणाबाईने चार वाक्यं ऐकवून घेतली होती.

निघताना तिने सुकवलेल्या जवळ्याची एक पिशवी माझ्या हातात कोंबली. समृद्धी रिक्षापर्यंत आली. मी तिला हो म्हटलं नव्हतं आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही. घरी सत्यजीतने पिशवी उघडून वास घेतला आणि म्हणाला, ‘वा, पीएच.डी.त हेही मिळतं?’ मी खुर्चीत बसले आणि मला रडू आलं. मग त्याला सगळं सांगितलं. त्याने उठून जवळा भाजायला टाकला. ‘जेव आधी,’ म्हणाला. एवढंच.

त्या माणसाने ‘होतंय का’ विचारलं नाही, नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला त्याचाच जास्त त्रास झाला.

मी ठरवलं वगैरे नव्हतं. लोकांना वाटतं की असं काही करायचं तर माणूस आतून पेटून उठतो. मी सोमवारी दुपारी जिना चढत होते आणि मनात एवढंच होतं की मला आणखी एक गोष्ट सांभाळायची शक्ती नाही. चूक सांभाळायची, ती ज्यांना माहीत आहे त्यांना सांभाळायचं, परीक्षकांपुढे उभं राहून न दिसलेल्या धुळीवर पाऊण तास बोलायचं. मला थकवा आला होता त्याचाच. आणि हेही कळत होतं की वर्गात एकदा बोलले की सरांनी दाखवलेली वाट बंद. चौदा मुलांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये असते.

समृद्धी आली होती. दुसऱ्या बाकावर, भिंतीकडेला.

मी फळ्यावर दोनच गोष्टी लिहिल्या. वर ‘तीस’ आणि खाली ‘तीसपेक्षा कमी’.

‘हे दोन्ही एकच आहेत का?’ मी विचारलं.

‘नाही,’ दोन-चार जण म्हणाले.

‘मी नऊ वर्षं एकच समजले,’ मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. रकाना कसा उडवला, का उडवला, त्यामुळे एकसष्टातल्या एकेचाळीस दीर्घिकांचं उत्तर कसं खोटं आलं. ‘ही चूक समृद्धीने काढली. सतरा तारखेला ती मला इथेच सांगत होती आणि मी तिला मासळीबाजाराचं बोलले. तिचं बरोबर होतं. चूक माझी होती, आणि बोलले तेही माझंच चुकलं. मी तिची माफी मागते.’

मग एकदम कुजबूज उठली, बाकं करकरली, मागे कोणी ‘बाप रे’ म्हणालं, कोणी समृद्धीला कोपराने ढोसलं, आणि बघता बघता असा गलका झाला की काही ऐकू येईना. बावीस वर्षांची सवय. डस्टर टेबलावर आपटण्यासाठी हात वर गेला आणि ते वाक्य जिभेच्या टोकावर येऊन बसलं. मी डस्टर खाली ठेवलं आणि गलका आपला आपण थांबेपर्यंत उभी राहिले. थांबला. जरा वेळ लागला, पण थांबला.

हृतिकने हात वर केला. त्याचे कान लाल झाले होते. ‘मॅडम, हे परीक्षेला आहे का?’

‘आहे,’ मी म्हटलं. ‘लिहून घ्या.’

तास संपल्यावर मी व्हरांड्यात जाऊन सरांना फोन केला. म्हटलं, शुक्रवारी मी प्रबंध देत नाही. मी वर्गात सांगून टाकलंय.

‘वर्गात?’ सर म्हणाले. ‘वर्गात कशाला सांगायचं, टिपणीस?’

‘तिथेच बोलले होते सर.’

सरांना ते कळलं नसावं. ‘नोंदणी रद्द होईल,’ ते म्हणाले. ‘पुन्हा प्रवेश परीक्षेपासून. नवा गाइड शोधावा लागेल, मी नसणार. किमान तीन वर्षं. बावन्नाव्या वर्षी पदवी घेऊन काय करणार?’

‘माहीत नाही सर.’

‘हं,’ सर म्हणाले आणि फोन ठेवला. हा ‘हं’ आधीच्यासारखा नव्हता. पण वाईटही नव्हता बहुतेक. आता तो तपासत बसण्याचं त्राण माझ्यात नव्हतं.

आत आले तर प्रयोगशाळेत समृद्धी एकटीच थांबली होती. तिने दप्तरातून दोनशे पानी वही काढून टेबलावर ठेवली. आत पट्टीने आखलेले रकाने, एकसष्ट ओळी, तिच्या वाकड्या अक्षरात सहा-सहा आकडे. प्रत्येक आकड्याच्या आधी एका अक्षराचा रकाना. घरी बसून डोकं दुखत होतं म्हणे, तेव्हा हे चाललं होतं.

‘मॅडम, एक सांगू? रागावू नका.’

‘सांग.’

‘एकेचाळीस नाहीत. त्रेचाळीस आहेत. दोन दीर्घिकांची खूण रकान्यात नाही, तक्त्याखालच्या टीपेत आहे.’ तिने दोन ओळींवर बोट ठेवलं. ‘ही आणि ही.’

मी चष्मा लावून टीप वाचली. खरंच होती. नऊ वर्षांत मी ती टीप एकदाही वाचली नव्हती.

‘म्हणजे सहावा ठिपका खरा अशा उरल्या अठरा,’ मी म्हटलं.

‘हो मॅडम. अठरा.’

खाली रस्त्यावरून खडीचा ट्रक गेला असावा, खिडकीच्या काचा हलल्या. टेबलावर सकाळी पुसलेल्या जागी पुन्हा करडा थर बसला होता. मी तो पदराने पुसला आणि तिची वही मधोमध ठेवली.

‘खुर्ची ओढ,’ मी तिला म्हटलं. ‘पहिलीपासून बघू.’